चौदावा हार

दिनांक १६ मे २००४, रविवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. ठिकाण — नागभीडपासून अकरा किलोमीटरवरच्या एका खेड्यात माझ्या मोठ्या बहिणीचं घर, समोरची खोली. रक्कम रुपये १,८५०. ती मी आदल्या दिवशी चंद्रपूरला एका व्हीसीडी प्लेयरसाठी मोजली होती. हजर माणसं नऊ — मी, माझी बायको, बहीण, तिचा मुलगा सुरेश, सून लता, नागभीडचे टीव्ही मेकॅनिक शकीलभाई आणि शेजारच्या तिघी बाया.

हे सगळं आधीच लिहिलं, कारण या सदरातले अनुभव वाचताना मी स्वतः पहिला प्रश्न हाच विचारतो — सांगणारा एकटाच होता का? बहुतेक वेळा असतो. आम्ही नऊ होतो, आणि बाहेर रखरखीत ऊन होतं.

मी ब्रह्मपुरीच्या एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. धान किती आलं, तांदूळ किती निघाला, कोंडा-भुसा किती गेला... हे जुळलं नाही तर मला जेवण जात नाही. अंगात येणं, भानामती, उतारे यांना मी आयुष्यभर हसत आलो. बायको म्हणते, देवळातसुद्धा मी पायऱ्या मोजतो. ते खरं आहे.

आता बहिणीबद्दल. आम्ही सगळे तिला 'बाई' म्हणतो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. माझी नोकरी गडचिरोलीकडे आतल्या भागात होती तेव्हा जवळ शाळा नव्हती, म्हणून माझी मुलगी सारिका चौथी ते सातवी बाईकडे राहून शिकली. सारिकासाठी आरमोरीचं स्थळही बाईनंच आणलं. मुलगा प्रमोद, शाळेत शिक्षक, निर्व्यसनी. आम्ही सारिकाला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी समजलो, हो म्हणाली. बाई मात्र या तीन शब्दांवर अडली.

"हे 'हो' नाई होय बाबू," ती म्हणाली. "पोरीले विचारलं का हे भाजी चालन का, तवा ते असं बोलते."

तरी लग्न ठरलं. २ मे, रविवार, ब्रह्मपुरीला आमच्याच अंगणात. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी बाई ओल्या सारवणावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी पायाला दोन विटांचं वजन बांधून तिला खाटेवर झोपवलं आणि सांगितलं, नागपूरला नेऊन ऑपरेशन करा, जितका उशीर तितकं वाईट. बाई म्हणाली, आधी लग्न होऊ द्या. लग्न पुढं ढकलू म्हटलं तर तिनं खाटेवरूनच तांब्या फेकला.

लग्न झालं. मांडवात बाईसाठी एक खुर्ची रिकामी ठेवावी असा सारिकाचा हट्ट होता. भाड्याच्या दीडशे खुर्च्यांपैकी एक डावीकडच्या पहिल्या खांबाजवळ ठेवली, तिच्यावर बाईचं हिरवं लुगडं टाकलं. तिथे कोणी बसलं नाही. पाचव्या दिवशी सारिका-प्रमोद बाईच्या पाया पडायला गेले. सारिका म्हणाली, "आत्या, मी सुखात आहे." ते दोघं निघून गेल्यावर बाईनं जाहीर केलं — नागपूरला जाणार नाही.

"काऊन पण?" मी विचारलं.

"पोरगी मले दुखू नये म्हणून खोटं बोलून राह्यली. माझ्या पायाच्या विटा पाहून कोन खरं बोलन? मले लग्नातलं तिचं तोंड पाहू दे. लग्नाच्या दिवशी तोंड खोटं बोलत नाई."

"अवो बाई, खुश होती पोरगी," माझी बायको म्हणाली.

"तू पाह्यलं?"

बायको दिवसभर स्वयंपाक्यांच्या मागे होती.

"अन् तू रे? तू तं बाप हायेस."

इथे खरं लिहितो. मी दिवसभर पत्रावळ्या, बुंदीचे डबे आणि हार मोजत होतो. पोरीचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता.

हारांचंही आत्ताच सांगून टाकतो. गोविंदभाऊ माळ्याकडे चौदा हार सांगितले होते, प्रत्येकी चाळीस रुपये. सकाळी गडबडीत मी ते न मोजता घेतले. माझ्या आयुष्यात न मोजता घेतलेली ही एकच वस्तू असेल. दुपारी व्याहीभेटीच्या वेळी टोपली काढली तर एक हार कमी. व्याह्यांच्या गळ्यात हार, आणि मी बिनहाराचा उभा, दीडशे माणसांसमोर. मी गोविंदभाऊंचे चाळीस रुपये कापले. ते म्हणाले, "मालक, चवदा मोजून देल्ले." मी म्हणालो, "मीही मोजूनच सांगतो, तेरा." आणि त्यांना ५२० रुपये दिले.

तर बाईचं ऑपरेशन १९ मेला ठरलं होतं, १८ला गाडी. डॉक्टर म्हणाले होते, ही तारीख गेली तर बाई पुन्हा चालेल याची खात्री देता येणार नाही. बाई म्हणे, तोंड दाखवा, मग निघते. फोटो दाखवले. सगळ्यांत सारिकाची मान खाली आणि मुंडावळ्या तोंडावर. "फोटोत साऱ्याच नवऱ्या सारख्या दिसते," म्हणून तिनं ते बाजूला सारले. उरली लग्नाची व्हिडिओ सीडी.

माझ्याकडे प्लेयर नव्हता. तो घ्यायला मी शनिवारी चंद्रपूरला गेलो. दुकानात दोन होते. एक नावाजलेल्या कंपनीचा, ३,९०० रुपये, वर्षाची वॉरंटी. दुसरा बिननावाचा, सांगितले २,१००, शेवटी १,८५०. वॉरंटी विचारली तर दुकानदार म्हणाला, "काका, दुकानाच्या पायरीपर्यंत."

"मग घ्यावा कशाला?"

"हा महागाचा नखरेल हाये. सीडीवर जरासा ओरखडा दिसला का तोंड फिरवते. हा स्वस्तातला कायबी वाचते. पोळी टाकली तं पोळीबी वाजवन!"

मी हसलो आणि स्वस्तातला घेतला. संध्याकाळी ब्रह्मपुरीला उतरून स्टुडिओतून सीडी आणली. त्या उन्हाळ्यात स्टुडिओवाल्याकडे अकरा लग्नं होती, दुकानात लोडशेडिंग, मेणबत्ती लावून तो डब्या भरत होता. डबीवर आणि सीडीवर दोघांच्या फोटोचा गोल स्टिकर. मी डबी उघडून स्टिकर पाहिला, नावं बरोबर आहेत याची खात्री केली, आणि डबी बंद केली. सीडी उलटी करून पाहायची असते हे मला माहीत नव्हतं.

रविवारी शकीलभाईंची जीप केली. बाईच्या गावी बारा ते सहा वीज नसायची. म्हणून त्यांनी आपला रंगीत टीव्ही, इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरची बॅटरी बरोबर घेतली. वाटेत त्यांनी माझा प्लेयर हातात धरून हलवून पाहिला.

"भाऊ, अठराशे पन्नास पाण्यात! याच्या आत काय हाये? एक लेन्स, एक मोटर, अन् बाकी हवा. दो साल की जिंदगी. डीव्हीडी येऊन राह्यली ना आता."

"मग डीव्हीडी घेतली असती तर टिकली असती?"

"ते बी नाई टिकत. एक दिवस हे तबकडीच जाणार, तुमी पाहा. माणूस खिशातून पिक्चर काढन."

मी मनात म्हटलं, हा माणूस फेकतो आहे. आज त्याची माफी मागायला हवी.

बाईच्या खोलीत खिडकीला चादर आणि दाराला घोंगडं लावून अंधार केला. शेजारच्या तिघी बाया आधीच जागा धरून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "बाई, तिकीट कितीचं?" बाई म्हणाली, "दोन विटा. बांधून देऊ का पायाले?" लतानं सगळ्यांना शेंगदाणे वाटले.

मी स्वतः सीडी आत ठेवली, स्टिकर वर करून. प्लेयरच्या हिरव्या आकड्यांच्या जागी आलं — 'नो डिस्क'. पुन्हा आत-बाहेर केलं. पुन्हा 'नो डिस्क'. शकीलभाईंनी तिसऱ्यांदा ट्रे आत ढकलला आणि वरून एक टपली मारली. खाटेवरून बाई म्हणाली, "लाव ना बाप्पा! किती वाट पाहू?"

आणि आकडे सुरू झाले. ००:०१, ००:०२... पडद्यावर आमचं अंगण आलं.

मी लगेच खिशातली डायरी काढून वेळ लिहिली. कंपनीचा माल नसला की मी नोंद ठेवतो. म्हणूनच हे आकडे आज माझ्याकडे आहेत.

चित्र इतकं स्वच्छ होतं की काय सांगू! तेव्हाच्या व्हीसीडी ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवत असेल — कोणी जरा जोरात हललं की चेहऱ्याचे चौकोनी चौकोनी तुकडे व्हायचे, चित्र अडकायचं. इथे एकही चौकोन नाही. मांडवावरच्या जांभळाच्या डहाळीचं पान न् पान दिसत होतं. शकीलभाई पुढे सरकून बसले. "भाऊ, शब्द मांगं घेतो. अशी क्लीन पिक्चर मी डीव्हीडीत बी नाई पाह्यली." मी १,८५० रुपये वसूल झाल्यासारखी मान हलवली.

तक्रार एकच होती, आणि ती मी मोठ्यानं केली. "कॅमेरा हलतच नाही. एका जागी ठेवून गेलेला दिसतो पठ्ठ्या. पैसे पूर्ण घेतले."

खरंच, सगळं एकाच जागेवरून दिसत होतं. वरात आली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. शेजारच्या बाया प्रत्येकाला ओळखून नावं घेत होत्या. "हे पाहा, सुरेश कसा नाचून राह्यला!" "नाचून नाई राह्यला वो, त्याच्या चपलेत खडा हाये." सुरेश लाजून बाहेर जायला निघाला, लतानं हात धरून बसवलं.

मग पंगत बसली. सगळी माणसं जेवणाकडे गेली. मांडवात लाल सोफ्यावर सारिका आणि प्रमोद दोघंच उरले. तिची मान वर होती, मुंडावळ्या बाजूला झाल्या होत्या, चेहरा स्पष्ट दिसत होता. आणि तो चेहरा, खरं लिहितो, कोरा होता. ती समोर कुठेतरी पाहत होती.

"पाहा," बाई हळूच म्हणाली. "म्हनत होती ना मी."

माझी बायको पदर तोंडाशी धरून बसली. मला वाटलं, बंद करावं. अठराशे पन्नास रुपये खर्चून हे दाखवायला आणलं मी? रिमोटकडे हात नेला. डायरीत त्या वेळची नोंद आहे, ४१:१२.

तेवढ्यात सोफ्याच्या मागून एक बकरी आली.

पांढरी, एका कानावर काळा डाग. ती शांतपणे कोपऱ्यातल्या हारांच्या टोपलीजवळ गेली, टोपलीत तोंड घातलं आणि एक अख्खा हार ओढून बाहेर काढला. झेंडूचा, मध्ये गुलाब. प्रमोदनं मान वळवून पाहिलं. नवरदेव उठून पळू शकत नाही. त्यानं हातातली कट्यार उचलली — नवरदेवाच्या हातात असते ती, टोकाला लिंबू खोचलेली — आणि बकरीला हुसकायला पुढे केली. बकरीनं लिंबू हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा हार खायला लागली. प्रमोदनं दोन्ही हात जोडून बकरीला नमस्कार केला.

आणि सारिका हसली. आधी दाबून, शालूचा पदर तोंडात कोंबून. मग ते आवरेना. खांदे हलायला लागले. प्रमोद तिला काहीतरी म्हणाला, तिनं त्याच्या हातावर चापट मारली आणि दोघंही हसत सुटले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग तिनं मान फिरवली, सरळ आमच्याकडे पाहिलं, पडद्यातून आमच्याकडे. भुवया उडवून डोळ्यांनीच बकरीकडे बोट दाखवल्यासारखं केलं... जवळच्या माणसाला आपण म्हणतो ना, पाहिलं का, पाहिलं का?

खोलीत एकच गोंधळ. तिघी बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. शकीलभाई मांडीवर थाप मारून "वा दामाद! वा!" करत होते. बाई इतकी हसली की पायाच्या विटा एकमेकींवर आपटल्या आणि लता धावली.

मी एकटा उभा राहिलो होतो. "अरे, तो हार!" मी ओरडलो. "तो माझा हार! चौदावा!"

"बस खाली!" बाई म्हणाली. "बकरीले खाऊ दे." मग म्हणाली, "मांगं घे रे बाबू, पुन्हा दाखव."

मी रिमोट दाबला. मागे जाईना. सेल काढून घातले, नवे होते. आकडे आपले पुढेच. बाईनं हात हलवला. "राहू दे. पाह्यलं मी." आणि लताला म्हणाली, "पोरी, माझं लुगडं बांध. परवा नागपूरले जायचं हाये."

शेवटपर्यंत ६१ मिनिटं ७ सेकंद झाली. पडदा निळा झाला. शकीलभाईंनी ट्रे बाहेर काढला, सीडी उचलली, आणि फुंकर मारून पुसायला म्हणून उलटी केली.

मग त्यांनी दाराचं घोंगडं बाजूला करून ती उजेडात धरली.

"भाऊ," ते म्हणाले. "ये क्या लगाया आपने?"

सीडीची खालची बाजू चंदेरी असते, उन्हात धरली की इंद्रधनुष्य दिसतं. ही बाजू चंदेरी नव्हती. ते नुसतं पारदर्शक प्लास्टिक होतं. त्यातून स्टिकरच्या पाठीचा पांढरा कागद दिसत होता, आणि कडेनं, जिथे स्टिकर पोचला नव्हता तिथे, शकीलभाईंची बोटं.

"कोऱ्या सीड्यांची चळत येते ना," ते सावकाश म्हणाले, "तिच्यावर झाकणासारखी एक असते. धूळ बसू नये म्हणून. ते सीडी नसतेच भाऊ. लेझर जाऊन आपटन अन् परत येन, असं यात काहीच नाई."

त्यांनी ती पुन्हा आत घातली. 'नो डिस्क'. टपली मारली. 'नो डिस्क'. मी पाच वेळा मोजलं. बाईला पुन्हा "लाव" म्हणायला सांगितलं, हेही मी केलं, आता लिहायला लाज वाटते. बाईनं म्हटलंसुद्धा. 'नो डिस्क'. मग शकीलभाईंनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून तिथेच प्लेयर उघडला. एक लेन्स, एक मोटर, बाकी हवा. ते म्हणाले होते तसंच.

सोमवारी सकाळी मी स्टुडिओत गेलो. ती तबकडी पाहून स्टुडिओवाला कपाळावर हात मारून हसला. मेणबत्तीच्या उजेडात त्यानं झाकणालाच स्टिकर लावला होता. खरी सीडी त्याच्या कॉम्प्युटरमध्येच अडकून राहिली होती. त्यानं पाच वेळा माफी मागितली आणि दुसरी डबी दिली. मी ती घरी लावून पाहिली. ५२ मिनिटं. कॅमेरा सगळीकडे फिरतो, जवळ जातो, लांब येतो. चेहऱ्यांचे चौकोन होतात, दोनदा अडकतं. व्याहीभेटीत मी बिनहाराचा, रागीट तोंड करून उभा आहे, तेही आहे. बकरी नाही. पंगतीच्या वेळचं मांडवातलं काहीच नाही.

स्टुडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, तवा मी पहिल्याच पंगतीत बसलो होतो. कॅमेरा बंद करून मांडीवर ठेवला होता. तुमीच तं बुंदी वाढली मले."

वाढली होती. दोन वेळा.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून आरमोरीला, सारिकाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ती आली. मी सरळ विचारलं, "लग्नात बकरीनं हार खाल्ला का?"

तिकडून खुदकन हसू.

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं? यांनी?"

"म्हणजे खाल्ला?"

"अख्खा! तुम्ही तर हारासाठी इतके चिडला होता की आम्हाला बोलायची हिंमतच झाली नाही. हे म्हणाले, सांगू नको, नाहीतर सासरे बकरीचे पैसे माझ्याकडून कापतील."

"आणि... प्रमोदनं नमस्कार केला का? बकरीला?"

आता ती हसायची थांबली. "बाबा, तिथे कोणीच नव्हतं. खरंच कोणी नव्हतं. मी तर आत्याच्या खुर्चीकडे पाहून मनात म्हटलं, आत्या, तू असतीस तर आज पोट धरून हसली असतीस."

बूथचं मीटर पळत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

घरी आलो. मांडव उतरवला होता, पण डावीकडच्या पहिल्या खांबाचा खड्डा अजून बुजवला नव्हता. मी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि जिथे सोफा होता तिकडे पाहिलं. टीव्हीवर जे दिसलं होतं ते तसंच दिसलं — तुळशीवृंदावनाची डावी कड, भिंतीवर रंगवलेल्या नावांतली फक्त पहिली दोन अक्षरं, आणि टोपली ठेवली होती तो कोपरा. खुर्ची दोन फूट उजवीकडे सरकवली, तर तो कोपरा तुळशीआड जातो. डावीकडे सरकवली, तर नावं दिसत नाहीत. उभा राहिलो, तर काहीच जुळत नाही. बायको दारातून पाहत होती. तिनं विचारलं नाही काय करताय म्हणून.

मंगळवारी बाई नागपूरला गेली, गाडीत बसतानासुद्धा बकरीची नक्कल करून दाखवत होती. बुधवारी ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात ती काठी घेऊन चालायला लागली, आणि सारिकाच्या मुलीच्या बारशाला काठीशिवाय आली. सीडी कोरी होती हे तिला आम्ही तिथल्या तिथेच सांगितलं होतं, पुढे मी आणखी तीनदा समजावून सांगितलं — लेझर, चंदेरी थर, सगळं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तू काऊन इतकं डोक्सं खपवून राह्यला? खुर्ची ठेवली होती ना माझ्यासाठी? मंग?"

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. शकीलभाईंचं भाकीत अर्धं खरं ठरलं. व्हीसीडी गेली, त्यांच्या दुकानात आता डीव्हीडीचे प्लेयर दुरुस्तीला येतात, आणि तेही कमी होत चाललेत, म्हणतात. माझा बिननावाचा मात्र दोन साल नाही, पाचही वर्षं चालला. अजून चालतो. दर २ मेला मी ती पारदर्शक तबकडी त्यात घालतो, टपली मारतो, 'नो डिस्क' वाचतो आणि बाहेर काढतो. बायको म्हणते, माझी ही एकमेव पूजा आहे. शकीलभाई, दुकानदार, ओळखीचे एक सायन्सचे सर — सगळ्यांना विचारून झालं. नऊ माणसांनी ६१ मिनिटं ७ सेकंद काय पाहिलं, याचा हिशेब माझ्याकडे नाही. जुळत नाही. आणि तरी त्या दिवशी मला जेवण गेलं. दोन पोळ्या जास्तच.

एक राहिलं.

फोन झाला त्याच सोमवारी, अंधार पडायच्या आत मी बसस्टँडजवळ गोविंदभाऊ माळ्यांकडे गेलो. ते सुतळीत झेंडू ओवत बसले होते. मी चाळीस रुपये समोर ठेवले.

"हे कायचे, मालक?"

"चौदाव्या हाराचे. तुम्ही बरोबर होता. बकरीनं खाल्ला."

त्यांनी नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या आणि हसले. "कोन पाह्यलं बकरीले?"

मी तिथेच त्यांच्या बाकावर बसून डायरी काढली आणि लिहिलं — १७ मे, रोख रुपये चाळीस, गोविंदभाऊ माळी यांना, लग्नातील हार, बाकी शून्य. पुढे एक रकाना असतो, पुराव्याचा. तिथे मी आधी 'सीडी' लिहिलं. मग ते खोडलं. आणि लिहिलं — 'बाईने पाहिले.'